दादाला वाचून दाखवलेला जपानी सिनेमा

खोटं बोलताना माझे कान लाल होतात, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे लहानपणापासून मी त्या भानगडीत फारशी पडले नाही. अपवाद एकाच दुपारचा. त्या दुपारी मी माझ्या दादाशी पावणेदोन तास खोटं बोलले, टीव्हीसमोर बसून, ओढणी कानांवरून गच्च लपेटून.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं तो काय करतो असं कुणी विचारलं की आई "गाड्यांचं बघतो" म्हणून सांगायची. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री तो करायचा हे खरंच, पण पेठेत त्याची ओळख वेगळी होती. कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाला समज द्यायची, मिरवणुकीत पुढं कोण चालणार, हे सगळं आमच्या दारातल्या कट्ट्यावर ठरायचं. माझ्यावर मात्र त्यानं कधी आवाज चढवला नाही. बारावीनंतर मला इंग्रजी घेऊन शिकायचं होतं तेव्हा भावकीतल्यांनी नाकं मुरडली. "ती शिकणार," एवढंच दादा बोलला आणि विषय मिटला. कोल्हापुरात दोन माणसं साधं बोलत असली तरी तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं. दादा हळू बोलायचा. मला त्याचंच भय वाटायचं.

भय कशाचं, तेही सांगते. मी अकरावीत असताना शेजारच्या मुलीचं एका मुलाशी जमलं. तिच्या वडिलांनी दादाला सांगितलं ते "मागं लागलाय" असं. एका संध्याकाळी दादा घरी आला आणि अंगणातल्या नळाखाली त्यानं हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. आईनं विचारलं, "वाढू का?" तो म्हणाला, "वाढ." त्या मुलाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. महिन्याभरात ते कुटुंब कोल्हापूर सोडून गेलं. पुढं कधीतरी त्या मुलीनं मला जिन्यात गाठून विचारलं, "तुझ्या दादानं मला एकदा तरी इचारलं का गं, मला तो पायजे का न्हाय ते?" मी जिना चढून वर आले.

आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मीच प्रेमात पडले. पडले ती नेमकी नको तिथं.

तो आमच्या शेजारच्या पेठेतला. बाहेरगावच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. आमचा आणि त्यांचा सामना असला की सकाळपासून चौकात पोलिसांच्या गाड्या लागतात. दादाच्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती त्यांच्या पेठेच्या दगडाची. आणि हा त्यांच्या संघाचा गोलकीपर! आदल्या हंगामात त्यानं आमची पेनल्टी अडवली तेव्हा दादा आठवडाभर जेवताना त्याला शिव्या घालत होता. मी मान खाली घालून भात कालवत होते.

आमची ओळख झाली कॉलेजच्या फिल्म क्लबात. मधे दोन खुर्च्या रिकाम्या ठेवून आम्ही बसायचो. कुणी बघितलं तर योगायोग वाटावा, ही अक्कल माझी. तिथंच आम्ही तो जपानी सिनेमा पाहिला. गोष्ट साधी होती. बंदराच्या एका गावात दोन टोळ्या. एका म्होरक्याची धाकटी बहीण छत्र्या दुरुस्त करायचं दुकान चालवते. दुसऱ्या टोळीचा एक माणूस, बंदराच्या फाटकावर पहारा करणारा, तिच्याकडे मोडकी छत्री घेऊन येतो. ती नीट करून देते. आठवड्यानं तो तीच छत्री पुन्हा मोडून आणतो. पाऊस नसला तरी आणतो. शेवटी म्होरक्याला कळतं. तो त्या माणसाला घरी जेवायला बोलावतो, समोर बसवतो, स्वतःच्या हातानं वाढतो आणि जेवण झाल्यावर मारून टाकतो. बाहेर म्होरक्याची दोन माणसं उभी असतात, पाहुणा पळून जाऊ नये म्हणून.

दिवे लागले तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही. खाली उतरताना तो एवढंच म्हणाला, "तुझ्या दादाला ह्यो पिच्चर दावू नगोस."

फेब्रुवारीत दादा मोटरसायकलवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर, दीड महिना खाटेवर. पहिल्या आठवड्यात त्यानं टीव्हीवरचे मारामारीचे सगळे सिनेमे संपवले. मग मला म्हणाला, "तुमच्या क्लबात जपानी गँगवाल्यांचे पिच्चर असत्यात म्हणं. अंगभर गोंदवून घेतलेले. आण की एखादा."

मला दुसरा आणता आला असता. क्लबात सिनेमांना तोटा नव्हता. पण पुढच्याच्या पुढच्या रविवारी राधानगरीकडचं स्थळ मला बघायला येणार होतं. सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं आणि तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती. मला वाटलं, दादा ती बहीण बघेल, तिचं त्या छत्रीकडं बघणं बघेल, कुठंतरी विरघळेल. शेवट मी दाखवणारच नव्हते. पेनड्राइव्ह बिघडलाय म्हणून बंद करायचा, असं ठरवून टाकलं होतं. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सिनेमा लावला. खालच्या पाट्या इंग्रजीत होत्या. दादा म्हणाला, "मला काय ते जमायचं न्हाय. तू वाचत जा मराठीत." आई पलीकडे सुपात शेंगदाणे निवडत बसली. दादानं आईची विणायची सुई मागून घेतली होती. प्लास्टरमध्ये खाज सुटली की तो ती आत घालून खाजवायचा.

सुरुवातीची दहा मिनिटं मी अगदी प्रामाणिकपणे वाचली. टोळ्यांना मी पेठा म्हटलं, कारण दादाला ते चटकन कळलं असतं. "ह्या पेठंचा म्हातारा आणि त्या पेठंचा म्हातारा," असं चाललं होतं. आई म्हणाली, "ह्यांच्यात बी छत्र्या दुरुस्त करून वापरत्यात व्हय? बरं हाय की." मग तो म्होरक्या पहिल्यांदा बहिणीच्या दुकानात आला. पाटी होती, "त्या माणसाचं नाव पुन्हा घेतलंस तर तुझी जीभ राहणार नाही." माझ्या तोंडून आलं, "त्या माणसाबद्दल मला सवडीनं सांग."

मी हे ठरवून केलं नव्हतं. ते वाक्य दादासमोर उच्चारायला माझी जीभच रेटेना. पण दादानं मान डोलावली. "समजूतदार गडी हाय," तो म्हणाला.

झालं. तिथून पुढं मला खोटं वाचायची चटकच लागली. म्होरक्या दरडावला की मी काळजी वाचायची. तो शिवी द्यायचा, मी "माणूस चांगला हाय, पेठ तेवढी आडवी आलीया" असं म्हणायची. फाटकावरच्या माणसाच्या तोंडी तर मी इतकी चांगली वाक्यं घातली की लिहिणाऱ्याला सुचली नसतील. ओढणीखाली कान भाजत होते. मधे एकदा दुकानाचं दार आतून बंद झालं आणि ती दोघं एकमेकांच्या जवळ आली. तेव्हा आई चहा टाकायला उठली, दादा पंख्याकडं बघत राहिला आणि मी पेनड्राइव्ह नीट बसलाय का ते तपासून आले. आमच्या घरात असले प्रसंग असेच पार पडतात.

घात झाला तो पुढं. बहीण त्या माणसाला विचारते, तू करतोस तरी काय? पाटी होती, "मी फाटकावर उभा असतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही." तोवर मी पाट्या वाचायचं जवळजवळ सोडलंच होतं, माझ्या डोक्यात दुसराच माणूस बोलत होता. मी वाचलं, "मी गोलात उभा असतो. माझ्या हातातनं काय सुटत न्हाय."

आई खळखळून हसली. "जपानात बी फुटबॉल हाय व्हय गं?"

"फाटकावर," मी म्हटलं. "फाटकावर म्हणायचं होतं."

दादा हसला नाही. त्याच्या हातातली सुई थांबली. मग ती पुन्हा हलायला लागली. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याला कळलंय की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणं कुणालाच जमलेलं नव्हतं. त्या मुलाच्या मनगटाच्या संध्याकाळीही त्यानं आमटी नेहमीसारखीच ओरपली होती.

जेवणाच्या प्रसंगाआधी मी ठरल्याप्रमाणे रिमोट दाबला. "पुढचं दिसत न्हाय, दादा. बिघडलाय."

त्यानं हात पुढं केला. "दे इकडं." त्यानं बटण दाबलं आणि सिनेमा सुरळीत पुढं चालू झाला. "वाच," तो म्हणाला.

म्होरक्या आणि तो माणूस समोरासमोर बसले होते. छत्री मधे ठेवली होती. म्होरक्यानं विचारलं, ती कुणाची बहीण आहे हे ठाऊक होतं? तो म्हणाला, होतं. मग भीती वाटली नाही? तो म्हणाला, आत्ता वाटतेय. हे मी जसंच्या तसं वाचलं. दुसरं काही सुचायला डोकं जागेवर कुठं होतं? मग म्होरक्या बोलायला लागला. घराची अब्रू, बापाचं नाव, रक्त, असं बरंच काही खाली उमटत होतं. मला ती शेजारची मुलगी आठवली, जिन्यातली. आणि मी वाचलं, "माझं चुकलं. मी आधी माझ्या भणीला इचारायला पायजे हुतं. तू तिला पसंत हाईस का न्हाय, एवढंच मला तिच्या तोंडनं ऐकायचं हाय."

पडद्यावर म्होरक्याचा हात चाकूकडं गेला.

त्या वाक्याचा आणि त्या हाताचा काही मेळ बसेना. मी वाचणं सोडलं. बहीण धावत आली, दारात थांबली. तिच्या तोंडी तिथून शेवटपर्यंत एकही वाक्य नाही. आईनं सूप खाली ठेवलं होतं. पडदा काळा झाला.

"कुठल्या पेठंचा म्हणालीस?" दादानं विचारलं.

"कोण?"

"त्यो गोलात उभा राहणारा."

माझी ओढणी केव्हाच खांद्यावर घसरली होती. मी पेठेचं नाव सांगितलं. तेवढं पुरेसं होतं. त्या पेठेचा गोलकीपर कोण हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. आई "अगं माय" म्हणाली. दादानं सुई बाजूला ठेवली. मग त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "येत्या ऐतवारी जेवायला बोलव त्याला. मी बोलावलंय म्हणून सांग. राधानगरीच्या पावण्यांस्नी मी कळवतो."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचा आठवडा मी कसा काढला हे धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की अन्न तोंडात फिरायचं आणि दाराची कडी वाजली की हातातलं भांडं सुटायचं. फोन करून मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, येऊ नकोस, पुण्याला मामाकडं जा. तो म्हणाला, "पिच्चर मी बी बघितलाय. भ्या वाटतंय मला. पर आलो न्हाय तर जल्मभर पळायला लागंल. येतो मी." मी रडले, भांडले, शपथ घातली. त्यानं ऐकलं नाही. पोलिसात जावं असंही एकदा मनात आलं. पण जाऊन सांगायचं काय? माझ्या भावानं एकाला जेवायला बोलावलंय, हे?

रविवारी आईनं मटण केलं, तांबडा-पांढरा रस्सा केला. बारा वाजता मी खिडकीतून बघितलं तर दादाचे दोन मित्र कट्ट्यावर येऊन बसले होते. त्या दोघांना मी लहानपणापासून ओळखत होते. वयानं मोठे असूनही मला "ताई" म्हणायचे. त्या दिवशी दोघांनीही माझ्या नजरेला नजर दिली नाही.

तो आला. मार्चचं रणरणतं ऊन आणि याच्या हातात काळी छत्री! हा माणूस मरायला आलाय आणि येतानाही चेष्टा सुचतेय याला, असं वाटून मला त्याचा भयंकर राग आला.

"या पावणं," दादा खाटेवरून म्हणाला. "पाऊस न्हाय, पाणी न्हाय, छत्री कशाला?"

"मोडलीया," तो म्हणाला. "नीट करून घ्यायची हाय."

दादानं हात पुढं करून छत्री घेतली आणि आपल्या प्लास्टरच्या पायाशेजारी ठेवली. मग जेवण. दादानं मला वाढू दिलं नाही. पातेलं खाटेजवळ ओढून घेतलं आणि वाकून स्वतःच्या हातानं त्याच्या ताटात वाढत राहिला. पांढरा, तांबडा, पुन्हा पांढरा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, सिनेमातली ती उभी होती तशी. बाहेर कट्ट्यावर कुणीतरी खाकरलं.

ताट रिकामं झालं. दादानं हात पुसले.

"कुणाची भण हाय, ठावं हुतं?"

"हुतं."

"भ्या वाटलं न्हाय?"

"आत्ता वाटतंय."

तो सिनेमातलं म्हणाला की स्वतःच्या मनातलं, हे त्यालाही आज सांगता येत नाही. दादाचा हात बाजूला गेला. मी दारातून एक पाऊल पुढं टाकलं. त्याच्या हातात छत्री आली. दादानं ती मांडीवर आडवी घेतली आणि त्याच्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"माझं चुकलं," दादा म्हणाला. "मी आधी माझ्या भणीला इचारायला पायजे हुतं. ह्यो तुला पसंत हाय का न्हाय, एवढंच मला तुझ्या तोंडनं ऐकायचं हाय." मग म्हणाला, "त्या जपान्यानं न्हवतं म्हटलं हे. ठावं हाय मला. चाकू काढणारा माणूस असं बोलत न्हाय."

मी "पसंत हाय" म्हटलं. पहिल्यांदा ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आई रडायला लागली.

दादानं खिडकीकडं तोंड करून हाक दिली. "जावा रं घरला दोघं बी."

"जाऊ नव्हं?" बाहेरून आवाज आला.

"जावा म्हटलं न्हवं."

चपलांचे आवाज गल्लीत लांब गेले. त्या दोघांना कशासाठी बोलावलं होतं, हे मी विचारलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आमचं लग्न झालं, त्या दोघांनी मांडव घातला, पंगतीत वाढलं. आजही ते भेटतात, मुलांची चौकशी करतात. तरी मी विचारलेलं नाही.

पाहुणा गेल्यावर आई भांडी घासायला मागं गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं आता सगळं संपलं, आता मी जाऊन झोपते, आठवडाभराची झोप राहिलीय. दादा छत्रीची काडी बोटानं चाचपत होता. ती खरोखरच मोडलेली होती.

"पावणेदोन तास खोटं वाचलंस," तो म्हणाला. "माझं एवढं भ्या वाटतंय तुला?"

शेजारच्या मुलीचं त्यानं ऐकलं नव्हतं, माझं ऐकलं होतं. त्यानं मला शिकवलं होतं. आत्ता काही मिनिटांपूर्वी त्यानं मला माझं आयुष्य हातात दिलं होतं. "न्हाय रे दादा" म्हणायला हरकत नव्हती.

"वाटतंय," मी म्हणाले.

"आजून?"

"आजून."

दादानं माझ्या कानांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान भिंतीकडं वळवली आणि सुई शोधायला लागला. सुई त्याच्या उशाशीच होती, पण त्याला ती सापडेना.